बिनडोळ्यांच्या तळ्याकडे

आठ मासे आणायचे होते. बोटभर लांबीचे, सायीसारखे पांढरे, डोळ्यांच्या जागी नुसती कातडी असलेले. डोंगराच्या पोटात, उजेडापासून चार तासांच्या वाटेवर एक तळं होतं आणि हे मासे त्या तळ्याखेरीज दुसरीकडे कुठेही नव्हते. दर पावसाळ्यानंतर त्यातले वीस-पंचवीस पाण्याच्या लोंढ्याबरोबर वाहत खाली यायचे आणि गावाला पाणी पुरवणाऱ्या झऱ्याच्या तोंडाशी जाळीत सापडायचे. अकरा वर्षं ते मोजले जात होते. यंदा जाळीत एकही मासा आला नाही. पाण्यात काहीतरी बिघडलं होतं, आणि काय बिघडलं ते कळेपर्यंत निदान आठ जीव तरी सुरक्षित जागी आणून ठेवावेत, असं ठरलं. त्यासाठीच त्या दिवशी सकाळी सहा वाजता बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी तिघं जण दिवे तपासत उभे होते.

मासे मोजणारी होती वहिनी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिची नणंद तिला वहिनी म्हणे, म्हणून नणंदेच्या ओळखीचे सगळे तसंच म्हणू लागले, आणि शेवटी कॉलेजच्या शिपायाच्याही तोंडी तेच नाव बसलं. नणंदेचं टोपणनाव होतं घोरपड. कड्याला एकदा चिकटली की पाडणाऱ्याचेच हात दुखतील, अशी तिची ख्याती. दोर लावणं, खिळे ठोकणं, माणसं वर-खाली करणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. नणंदा-भावजयांचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं इतकं पटे की वहिनीचा नवरा घरात स्वतःला पाहुणा म्हणवून घेई. तिसरे होते मुकादम. साठी उलटलेली, खाणीत पस्तीस वर्षं घालवलेली, आणि गुडघे कुरकुरत असले तरी काळोखात भिंतीला नुसता हात लावून वाट सांगणारी असामी.

पहिला तास सरळ गेला. खाणीचा बोगदा संपला, मग एक अरुंद फट, मग उतार, आणि तिथून चुनखडीची खरी गुहा सुरू झाली. छतातून उतरलेले दगडी लोलक ओलसर चमकत होते, पायाखाली मऊ माती होती आणि कुठेतरी खोल नदीचा एकसुरी घुमार चालला होता. वहिनीला ही जागा आवडायची. इथे घाई कुणालाच नसते, असं ती म्हणायची. इथले प्राणी महिनामहिना उपाशी राहतात, वर्षानुवर्षं वाढतात, आणि अंडी घालायची तर तीही मोजकी.

पहिल्या डबक्याशी ती नेहमीसारखी गुडघ्यांवर बसली. या डबक्यात काचेसारखे आरपार दिसणारे बारीक कोलीम असत, दगडाखाली पांढरी गोम असे, काठावर लांब मिशांचे गुहेतले रातकिडे बसलेले असत. तिने दिवा खाली धरला.

डबकं रिकामं होतं.

नुसतं रिकामं नव्हे. घासून-पुसून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख! तळावरचा शेवाळी थरही नाहीसा झाला होता. वहिनीने एक दगड उलटला, दुसरा उलटला, दहावा उलटला. एका दगडाखाली रातकिड्याचा एक पाय मिळाला, फक्त पाय. तिने वहीत शून्य लिहिलं आणि ती उठली.

दुसरं डबकं तसंच. तिसरंही तसंच.

घोरपडीने विचारलं की हे विषाने झालं असेल का. वहिनी म्हणाली, विषाने मेलेल्यांचे सांगाडे मागे उरतात; इथे कुणीतरी जेवून गेलंय.

नदीपाशी ते पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते. इथे गुहा रुंद होते आणि डाव्या काठाने मातीचा उंच बांध जातो. त्या बांधावरून चालत वरच्या अंगाला जायचं, अशी वाट होती. घोरपड पुढे होती. ती एकदम थांबली आणि मागे न वळता तिने हात वर केला.

“वहिनी, इथल्या कुणालाच डोळे नसतात ना?”

“नसतात.”

“मग हे काय आहे?”

पाण्यात डोळे होते. तांबूस, टाचणीच्या डोक्याएवढे, जोडीजोडीने. दिवा जिकडे वळे तिकडे पेटत. दहा जोड्या. शंभर. पार पलीकडच्या काठापर्यंत, दगडांवर, दगडांखाली, एकमेकांच्या पाठीवर! लाखो वर्षं ज्या काळोखात कुणी कुणाकडे पाहिलं नव्हतं, तो काळोख आता या तिघांकडे टक लावून पाहत होता. अकरा वर्षांत वहिनीला या गुहेत कधी भीती वाटली नव्हती. आज ती दोन पावलं मागे सरकली.

मुकादमांनी काठीने एक झिंगा वर काढला. वीतभर लांब, तपकिरी, अंगावर संगमरवरासारख्या रेघा, पुढे दोन नांग्या. समुद्रातल्या शेवंडाचा गोड्या पाण्यातला चुलतभाऊच म्हणा ना. वहिनीने तो पाठीमागून धरून उलटा केला. शेपटीखाली अंड्यांचा घोस होता, काळ्या मण्यांसारखा. तिने दुसरा धरला. त्यालाही अंडी. तिसऱ्याच्या पोटाशी पिल्लं चिकटलेली, नखाएवढी. सातवा, दहावा, पंधरावा. सगळ्या माद्या!

तिने एकेक पकडून पाहणं थांबवलं आणि तिथेच मातीत बसली. मग हळूहळू सांगू लागली. ही जात तिने पुस्तकात वाचली होती, शोभेच्या टाक्यांसाठी विकतात ती. हिच्यात नर लागतच नाही. एकटी मादी अंडी घालते, त्यातून निघतात त्या सगळ्या मुलीच, आणि त्या मुली मोठ्या झाल्या की पुन्हा तेच. किडे, मासे, पिल्लं, शेवाळ, जे मिळेल ते खातात. उजेड लागत नाही. या डोंगराच्या आसपास ही जात कधीच नव्हती. म्हणजे कुणीतरी आणून सोडली. आणि सोडायला फार लागत नाहीत, एक पुरतो.

मुकादम काठी टेकून उभे होते. त्यांनी दिव्याचा झोत जमिनीकडे वळवला, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसेना.

“एकच होता,” ते म्हणाले.

कुणालाच आधी समजलं नाही. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. चार वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला कुणीतरी काचेच्या भांड्यातून तो दिला होता. नातीने लाड केले, नाव ठेवलं. मोठा झाला तसा भांड्यात मावेना. सुनेने सांगितलं, टाकून या. त्यांना मारवेना. गटारात टाकला तर मरेल, म्हणून घरामागच्या डोंगरात जी विवरासारखी खोल भेग आहे, जिथून खाली पाण्याचा आवाज येतो, तिथे त्यांनी त्याला हलकेच सोडलं. जीव आहे, जगेल, म्हणून. घरी येऊन नातीला सांगितलं की तो आता मोठ्या घरात राहायला गेला.

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. राग आला, तो आवरेना. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? आणि न बोलून तरी काय करणार? तिने पिशव्या उचलल्या आणि ती पुढे चालू लागली. अर्धा तास तिघं बांधावरून चालत राहिली. फक्त बूट मातीत रुतण्याचा आवाज, आणि पाण्यातून नांग्यांची बारीक कटकट.

एका ठिकाणी बांध संपत होता आणि छातीएवढ्या पाण्यातून जावं लागत होतं. पंचवीस पावलं! घोरपड उतरली. वहिनी उतरली. पहिला चिमटा पोटरीला बसला, दुसरा मांडीला. रबरी पोशाख जाड होता, तरी प्रत्येक पावलाला खाली काहीतरी करकरत होतं, निसटत होतं, वर चढू पाहत होतं. जाळी आणि मासे ठेवायचे डबे वहिनीने डोक्यावर धरले होते, पण मध्येच पाय घसरला आणि सगळं सामान पाण्यात गेलं. तिने ते ओढून काढलं. डब्यात तीन रेघाळ झिंगे बसले होते. तिने ते झटकून टाकले आणि दात-ओठ खात पलीकडचा काठ गाठला.

आता उरला होता फक्त कडा. चौदा मीटर उंच, मधोमध बाहेर झुकलेला, वरून पाण्याचा पातळ पडदा झिरपणारा. त्याच्या माथ्यावर ते तळं. असा गुळगुळीत कडा कुठल्याही झिंग्याला चढता येणार नाही, हे पाहून वहिनीला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. वर काही शिल्लक असणार. तिने दिवा वर नेला.

कड्यावरून एक दोर लोंबत होता. त्याचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं होतं. दोर जाडजूड दिसत होता, फार जाड. आणि तो हलत होता.

तो झिंग्यांनी भरला होता! एकमेकांच्या शेपट्या धरून, नांग्या रुतवून, ओल्या दोरावरून ते वर चढत होते. एखादा निसटून टपकन खाली पडे आणि पुन्हा पाण्यातून दोराकडे येई.

वहिनीने दोर ओळखला. तो दोर तिचा होता. सहा वर्षांपूर्वी याच वाटेने शेवटचं आल्यावर घोरपड तो काढायला निघाली होती, आणि वहिनीनेच तिला अडवलं होतं. राहू दे, पुढच्या वेळी सोपं जाईल, असं ती म्हणाली होती. मुकादमांनी चुकून एक जीव खाली सोडला होता. तिने त्याच्या वंशाला शेवटच्या घराची शिडी लावून दिली होती.

ती मुकादमांकडे वळली. “दोर माझा आहे,” एवढंच म्हणाली. मुकादमांनी मान हलवली.

जुन्या दोरावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. नांग्यांनी त्याचं वरचं आवरण कुरतडून आतले धागे बाहेर काढले होते. घोरपडीने कोरड्या पिशवीतून नवा दोर काढून खांद्यावर घेतला आणि ती जुन्या खिळ्यांच्या आधाराने शेजारच्या भेगेतून चढू लागली. एक हात. एक पाय. थांबा. पुन्हा हात. मध्यावर, जिथे कडा बाहेर येतो, तिथे तिचा डावा पाय सुटला! ती दोन हातांवर लोंबकळली. धक्क्याने जुना दोर हादरला आणि झिंग्यांचा पाऊस खालच्या दोघांच्या डोक्यावर पडला. वहिनी डोळे मिटून घेणार होती, पण मिटले नाहीत. घोरपडीने पाय झुलवला, चुकला, पुन्हा झुलवला. बोटं कपारीत अडकली. ती वर गेली.

वरून तिचा आवाज आला तेव्हा तो विचित्र वाटला. ती म्हणाली, वहिनी, नळीपर्यंतच आलेत.

दोर काठावर घासू नये म्हणून सहा वर्षांपूर्वी तिने त्यावर हातभर लांबीची प्लॅस्टिकची गुळगुळीत नळी चढवली होती. चढून आलेल्या झिंग्यांना त्या नळीवर पकडच मिळत नव्हती. ते तिच्याखाली झुंबड करून अडकले होते. कित्येक तिथेच वाळून मेले होते. नळीच्या वर एकही नव्हता!

नवा दोर खाली आला. त्याचं टोक पाण्याला लागू नये म्हणून मुकादमांनी ते हातात धरलं आणि वहिनी चढली. काठावर पोचताच ती तळ्याकडे धावणार, तोच घोरपडीने तिचा कमरपट्टा मागून पकडला आणि तिच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. पोशाखाच्या घडीत नखाएवढं पिल्लू होतं. जिवंत. पाय हलवत होतं.

दोघींनी दिव्याखाली एकमेकींचं अंग तपासलं. वहिनीच्या बुटात दोन, हातमोज्यात एक. घोरपडीच्या पट्ट्यात एक. डब्याच्या झाकणाच्या खाचेत आणखी दोन. सगळी चिरडली. पण आठवं नसेलच, हे कोण सांगणार? अंगावरून पाणी ठिबकत होतं. त्या पाण्यात आणखी काय होतं, देव जाणे.

वहिनी तळ्यापासून दोन हात दूर, दगडावर पालथी पडली आणि तिने दिवा अगदी मंद केला.

मासे होते. उजेडाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ते आपल्या गतीने, काठाला अंग घासत, संथ फिरत होते. गुलाबीसर पांढऱ्या कातडीतून काळजाची धडधड दिसत होती. काठाशी काचेसारखे कोलीम होते. एका दगडावर पांढरी गोमसुद्धा होती. सकाळपासून जे जे नाहीसं झालेलं पाहिलं होतं, ते सगळं इथे नांदत होतं. तिने मोजले. पुन्हा मोजले. त्रेचाळीस.

घोरपड शेजारी बसली होती. तिने हळूच विचारलं, “आठ तरी घ्यायचे ना? यासाठीच तर आलो.”

“जाळी नदीत बुडालीय. डबेही. एक पिल्लू जरी यात पडलं तर चार वर्षांत इथेही डोळेच दिसतील.”

“मग?”

“मग नाही घ्यायचे.”

अकरा वर्षं! हात लांब केला तर मासा बोटांना लागला असता. तिने दोन्ही हात छातीखाली दाबून ठेवले आणि मग ती उठली. इथून जाताना कड्यावर दोराचा धागाही मागे ठेवायचा नाही, असं दोघींनी ठरवलं. घोरपडीने जुन्या दोराची गाठ कापली. दोर सळसळत खाली गेला आणि त्याबरोबर झिंग्यांचा अख्खा लोंगर.

त्याच क्षणी खालून शिटी वाजली. तीनदा. आणि पाठोपाठ धरणीकंपासारखा घरघराट!

कड्याच्या पायथ्याशी पुन्हा सुरू झालेला मातीचा बांध खचला होता. झिंग्यांनी आतून बिळं पोखरून त्याची चाळण केली होती; वरून धड दिसत होता तेवढंच. बांधामागे अडलेलं वरचं डबकं फुटून नदीत आलं होतं. नवा दोर घोरपडीने वर ठोकलेल्या जुन्या लोखंडी कडीतून दुहेरी ओवला. वहिनी उतरली. हात भाजले. घोरपड उतरली, एक टोक सोडून दुसरं ओढलं, दोर सुळकन खाली आला. कडा पुन्हा बोडका झाला.

मुकादम छातीपर्यंत चिखलात होते. पाणी खांद्याला लागलं होतं आणि चढत होतं. ते ओरडत नव्हते. शांतपणे म्हणाले, तुम्ही निघा, फट भरली तर तिघंही अडकू. घोरपडीने त्यांना गप्प राहायला सांगितलं आणि दोर त्यांच्या काखेतून घातला. दोघींनी दगडाला पाय लावले. ओढलं. काही हललं नाही. पुन्हा ओढलं. पाणी हनुवटीला आलं. वहिनी चिखलात उडी मारून उतरली आणि हातांनी त्यांच्या पायांभोवतीची माती उपसू लागली. बोटांना चिमटे बसत होते, ते तिला जाणवतही नव्हते. एक बूट सुटला. “ओढ!” ती ओरडली. घोरपडीने अंग मागे टाकलं. दुसरा बूट चिखलातच राहिला आणि मुकादम एखाद्या दातासारखे उपटून बाहेर आले!

पंचवीस पावलांची ती वाट आता पोहायची वाट झाली होती. छत आणि पाणी यांत हातभर हवा उरली होती. नाक वर. श्वास. भिंत धरा. मुकादम पुढे झाले, कारण वाट हाताने ओळखणारे तेच होते. एका ठिकाणी हवा संपली. त्यांनी वहिनीचं मनगट पकडलं, पाण्याखालून ओढलं, आणि ती खोकत पलीकडे निघाली. तिच्यामागून घोरपड. मग उतार, फट, बोगदा. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

खाणीच्या तोंडाशी ऊन होतं. दुपारचे साडेतीन. तिघंही गवतावर पडून राहिली. एका माणसाच्या पायात बूट नव्हते, एकीच्या बोटांतून रक्त येत होतं आणि डबे रिकामे होते. घोरपडीने खाणीच्या शेडमधलं लोखंडी पिंप आणून चूल पेटवली. पोशाख, दोर, जाळी, सगळं उकळत्या पाण्यात गेलं. पिंपात दोन पिल्लं तरंगून वर आली. वहिनीने ती पाहिली. वरच्या तळ्याशी आपण दोन हातांवर थांबलो होतो, फक्त दोन हातांवर.

तिने वहीत त्रेचाळीस लिहिलं. तळ्याची वाट मात्र लिहिली नाही.

मुकादम घरी जायला उठले नाहीत. नातीला काय सांगायचं, असं त्यांनी एकदा विचारलं आणि मग स्वतःच म्हणाले, खरं ते सांगीन. नदीतले झिंगे पिंजरे लावून पकडता येतील का, असं त्यांनी विचारलं. वहिनीने खोटी आशा दाखवली नाही. पकडता येतील, ती म्हणाली, संपवता येणार नाहीत. रोज काढले तर निदान गर्दी कमी होईल, खालची डबकी कदाचित हळूहळू भरतील.

“किती वर्षं लागतील?”

“तुमच्या-माझ्या हयातीत पुरं व्हायचं नाही.”

मुकादमांनी गुडघ्यावर हात टेकला आणि ते उभे राहिले.

“मग उद्या किती वाजता यायचं?”

“सातला,” वहिनी म्हणाली.